पाटीभर कोंबड्या

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आम्ही पाटसच्या पुढं, मेव्हण्याच्या वस्तीवर गेलो होतो. जेवणं उरकली होती, पाहुणे मांडवात सुपारी कातरत बसले होते, आणि त्या भरल्या मांडवात मी एक प्रश्न विचारला. न विचारता राहिलो असतो तर आजही त्या घरात मला थोडीफार किंमत असती.

समोरून एक कोंबडी चालली होती. राखी अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि डोक्यावर पिसांची अशी गच्च शेंडी की हिला पुढचं दिसतं कसं, असा प्रश्न पडावा. मागं पिल्लांचा घोळका. मी रांजणगावला एमआयडीसीत सुपरवायझर आहे. कुठला माल कुठल्या कंपनीचा, हे बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वहिनी, ही कुठल्या कंपनीची हो?"

वहिनी म्हणजे मेव्हण्याची बायको. त्या पत्रावळी गोळा करत होत्या. वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दाजी, ही तुमच्या सासूबाईंची."

मांडवात हसण्याचा नुसता फुटाणा उडाला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, कंपनी जुनी हाय आमची. आता मालकीण राहिली न्हाई, एवढंच." मीही हसलो. अशा वेळी हसण्याचा मला चांगला सराव आहे. मग माझं लक्ष बायकोकडं गेलं आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. ती त्या कोंबडीकडं बघत होती. रागानं नाही, रडवेल्या डोळ्यांनीही नाही. घराचं कुलूप उघडून आत जावं आणि आत दुसरंच कुणी राहत असावं, तसं ती बघत होती.

कारण सासूबाईंच्या कोंबड्या तर आमच्याकडं होत्या.

हे जरा सांगायला हवं. आमचं लग्न झालं आणि काही वर्षांनी आम्ही शिरूरजवळ चार खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. मागं थोडी मोकळी जागा ठेवली. वास्तुशांतीला सासूबाई आल्या त्या डोक्यावर पाटी घेऊन. पाटीवर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला आणि आत कलकलाट. जावयाला काहीतरी भारी आलं असणार म्हणून मी पुढं होऊन पाटी उतरून घेतली, तर फडक्याच्या भोकातून एका कोंबडीनं माझ्या अंगठ्याला चोच मारली. आत चार-पाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "घर कोंबड्यांबिगर घर दिसत न्हाई. ह्या माझ्या हायेत, मोडू नको."

तिनं मोडल्या नाहीत. वीस-बावीस वर्षं तिनं त्या कोंबड्या अशा जपल्या की मला कधीकधी त्यांचा हेवा वाटायचा. मी शिफ्टवरून आलो की "जेवलात का?" हा प्रश्न आधी खुराड्याकडं जायचा. तिचा एकच नियम होता: बाहेरची कोंबडी आत येणार नाही. बाजारातली नाही, शेजाऱ्याची नाही, पोल्ट्रीची तर नाहीच नाही. "आईच्या कोंबड्यांत भेसळ नको." जागा लहान, म्हणून खुराड्यात कोंबड्या आठ-दहाच. कोंबडा एकच, कारण दोन ठेवले की रक्त निघेपर्यंत भांडतात. पिल्लांतले बाकीचे कोंबडे मोठे झाले की कधी रविवारी, कधी पाहुणा आला की, पातेल्यात. हे आमच्याकडं सगळीकडं असंच चालतं.

सासूबाई शेवटच्या आजारात अंथरुणावर होत्या. माणसं ओळखेनाशी झाली होती. एका दुपारी त्यांनी लेकीचा हात धरला आणि विचारलं, "माझ्या कोंबड्या हायेत का गं?"

"हायेत आई," ही म्हणाली. "जशा दिल्यास तशा."

म्हातारीनं डोळे मिटले. लेकीचं हे बोलणं त्यांना शेवटचं कळलेलं बोलणं असावं, असं आमच्या घरात सगळे मानतात. बायको तर मानतेच.

आता तुमच्या लक्षात येईल, मांडवात मी काय करून बसलो होतो ते.

परत येताना गाडीत चौफुल्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ती चौफुल्यापर्यंत गप्प राहिली की न्हावऱ्यापर्यंत माझं काही खरं नसतं, हा माझा जुना अनुभव. पण या वेळी तोफ माझ्यावर नव्हती.

"वहिनीनं बाहेरच्या आणल्यात," ती म्हणाली. "कुठनं तरी शेंडीवाल्या आणल्या आन् वर आईचं नाव लावती."

"असेल," मी म्हणालो. या एका शब्दावर माझा संसार चाललेला आहे.

"असेल काय? हायेच. आईच्या कोंबड्या आपल्याकडं हायेत. तुम्ही रोज बघताय. हाय का एक तरी शेंडीवाली?"

"नाही."

"मग?"

मग काय, मीही तिच्याच बाजूचा. पण घरी आल्यावर गाडी लावून मी सहज मागं गेलो. कोंबड्या संध्याकाळच्या खुराड्यापुढं जमल्या होत्या. मी रोज बघतो त्याच. पण रोज बघणं म्हणजे बघणं नव्हे, हे त्या दिवशी कळलं. सगळ्या तांबड्या. सारख्याच तांबड्या. तीच मान, तीच पिवळट तंगडी, तेच बसकं अंग. कंपनीत एवढा एकसारखा माल निघाला असता तर साहेबांनी माझा फोटो भिंतीवर लावला असता. आणि एकदम मला माझा अंगठा आठवला. ज्या कोंबडीनं पाटीतून त्याला चोच मारली होती, ती काळी होती. चांगली आठवते, काळीभोर, आणि फडकं सोडल्यावर तिच्या मागून जी बाहेर आली तिच्या डोक्यावर शेंडी होती.

मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, पाटीत शेंडीवाली होती."

ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"व्हती," ती हळूच म्हणाली. "शेंडीवाली एक व्हती. आन् एक बोडक्या मानेची."

एवढ्या वर्षांत आमच्या नाकासमोर कोंबड्यांचं एक आख्खं गाव बदलून गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्याहून वाईट गोष्ट दुसरी होती, आणि ती बायको बरेच महिने मनात ठेवून होती. आमची एकही कोंबडी आता खुडूक होत नव्हती. खुडूक म्हणजे अंडी घालून झाली की कोंबडीला त्यावर बसायची जी ओढ लागते, ती. अंग फुगवते, जागेवरून हलत नाही, जवळ गेलं तर गुरगुरते. तशी कोंबडी असली तरच पिल्लं निघतात. आमच्या कोंबड्या अंडं घालायच्या आणि पुढाऱ्यानं नारळ फोडून निघून जावं तशा निघून जायच्या, परत बघायच्यासुद्धा नाहीत. शेवटची जी बसायची ती म्हातारी होऊन मेली, त्यानंतर खुराड्यात नवं पिल्लू नाही. आहेत त्या कोंबड्या उताराला लागल्या होत्या. त्या गेल्या की सासूबाईंची पाटी संपली.

मी उपाय केला नव्हता असं नाही. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून मी यंत्र बनवलं होतं. पहिल्यांदा लाइट गेली आणि अंडी गार पडली. दुसऱ्यांदा मी खबरदारी म्हणून मोठा बल्ब लावला, तर अंडी उकडली. मुलगी म्हणाली, "पप्पा, मीठ आणू का?" आमच्या गल्लीत आता सगळे कंपनीतले भाडेकरू. कोंबडी म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू, यापलीकडं कुणाचा संबंध नाही. खुडूक कोंबडी उसनी मागायची तर मागायची कुणाकडं?

बायकोनं मग गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. आधी पोल्ट्रीच्या खाद्यावर संशय, मग टाकीतल्या पाण्यावर, मग मोबाइलच्या टॉवरवर. शेवटी अपेक्षेप्रमाणे माझ्यावर.

"चांगल्या चांगल्या तुम्ही कापल्या."

"मी कुठं निवडून कापल्या? हाताला येईल ती धरायचो."

"शेंडीवाला कोंबडा कुठं गेला मग?"

हा कोंबडा मला आठवत होता. आठवत नसता तर बरं झालं असतं. मुलगी दहावी पास झाली तेव्हा मेव्हणा पेढे घेऊन आला होता. मी मागं गेलो, दोन कोंबडे होते, एक पळाला, दुसरा कोपऱ्यात सापडला. सापडला त्याला शेंडी होती.

"तो तुझ्या दादानं खाल्ला," मी म्हणालो. "दोनदा रस्सा घेतला."

बायकोनं कपाळावर हात मारला. मग एकेक आठवत गेलं. बोडक्या मानेची कंपनीच्या बसखाली आली. काळ्या दोन होत्या, त्या बिबट्यानं नेल्या. उसाकडून आला, खुराड्याची जाळी फाडली, जाळीच्या बाजूला बसलेल्या उचलल्या. आतल्या बाजूला तांबड्या बसल्या होत्या, त्या वाचल्या. ठिपक्यांची होती, तिची त्या साली सगळी पिल्लं कोंबडेच निघाली. बस, बिबट्या आणि मेव्हणा. यात कट कुठं होता?

मुलगी शिरूरच्या कॉलेजात बीएस्सी करते. ती एवढा वेळ दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पप्पा, आम्हाला हेच आहे अभ्यासाला."

"बिबट्या?"

"नाही हो. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. कळप लहान असला की गुण नुसत्या योगायोगानं वाहवत जातात. थांबा, दाखवते."

तिनं स्वयंपाकघरातून हुलगे, मटकी, मूग आणि चवळीचे डबे आणले. बायको ओरडली, "एकत्र करायचं न्हाई हां, निवडायला मलाच बसावं लागतं." मुलीनं एकत्र केलेच. एका वाटीत आमच्या कोंबड्यांइतकेच दाणे घेतले, चारी जातींचे, मिसळलेले. "आई, ही आजीची पाटी. आता डोळे मिट आणि एक दाणा उचल. काय आलं? मूग. तर डब्यातला एक मूग या दुसऱ्या वाटीत टाक आणि उचललेला परत पहिल्या वाटीत. असं करत दुसरी वाटी पहिलीइतकी भर. ती भरली की ती पुढची पिढी. मग त्या वाटीतून तिसरी भरायची."

"आन् ह्यात कोंबड्या कुठं हायेत?"

"कर तर."

बायकोनं डोळे मिटून दाणे उचलायला सुरुवात केली. दुसऱ्या वाटीत चवळी कमी आली. तिसऱ्या वाटीत आलीच नाही. ती डोळे उघडून म्हणाली, "चवळी कुठं गेली?"

"गेली. आता या वाटीत चवळी नाही, म्हणजे पुढच्या कुठल्याच वाटीत ती येणार नाही. येईल कुठून?"

"माझ्या हातात काय खोट हाय का? आणा, तुम्ही करा."

मी पुढं केलं. काही फेऱ्यांत मूग गेला. मग मटकी वाढत गेली, परत कमी झाली, परत वाढली. मॅच बघावी तसा मी बघत होतो आणि मनातून हुलग्याच्या बाजूनं होतो. शेवटी वाटीत नुसती मटकी उरली. एकही हुलगा नाही.

मला ते पटेना. मुलगी काहीतरी हातचलाखी करते म्हणून मी सगळं ओतून परत पहिल्यापासून केलं. या वेळी मटकी आधी गेली आणि शेवटी सगळा हुलगाच. तिसऱ्यांदा केलं तर मूग. दर वेळी शेवटी एकच जात उरायची आणि ती कोणती हे आधी कुणालाच सांगता यायचं नाही. मी क्वालिटीतला माणूस. एखादी गोष्ट बिघडली तर कुणीतरी बिघडवलेली असते, यावर माझा पगार चालतो. इथं कुणीच काही करत नव्हतं, डोळे मिटून दाणे उचलत होतं, आणि तरी वाटीतल्या तीन जाती नाहीशा होत होत्या.

मुलीनं मग मोठी परात भरून दाणे घेतले आणि तेच मुठीमुठीनं केलं. मूठ काढायची, तसेच दाणे दुसऱ्या परातीत. एका परातीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. हुलगे थोडे कमी, मूग थोडे जास्त, एवढाच फरक. चारी जाती जिथल्या तिथं. आम्ही करून करून थकलो, परात काही बदलेना.

"मामाची वस्ती म्हणजे ही परात," मुलगी म्हणाली. "तिथं किती कोंबड्या आहेत?"

"कुणी मोजल्यात? भावकीतल्या सगळ्या घरांच्या एकत्रच हिंडतात, उसात."

"आणि कोंबडे?"

"पहाटे झोपू देत न्हाईत एवढे."

"तिथं बिबट्यानं दोन काळ्या नेल्या तरी काळ्या उरतात. आपल्याकडं दोन गेल्या की काळा रंगच गेला. आणि आपला कोंबडा एक. म्हणजे दर साली प्रत्येक पिल्लाचं अर्धं अंग त्या एकाच कोंबड्याकडून आलेलं. दिसायला दहा कोंबड्या, पण या हिशेबात धरल्या तर तीन-चारच."

मी दचकून मागच्या दाराकडं बघितलं. जणू दहातल्या सहा-सात कोंबड्या आत्ताच कुणी उचलून नेल्या असाव्यात.

"आन् खुडूक बसायचं?" बायकोनं विचारलं.

"ते शेंडीसारखं सरळ नसतं, बऱ्याच गोष्टींवर असतं. पण तेही आईबापाकडूनच येतं ना. बसणाऱ्या गेल्या असतील, न बसणाऱ्या राहिल्या असतील. तू काही केलं नाहीस, आई."

पोरगी हे धीर द्यायला म्हणाली. पण बायकोचा चेहरा उतरला. समोरच्या वाटीत नुसते मूग होते. त्यांच्याकडं बघत ती म्हणाली, "म्हंजी मी आईला खोटं बोलले."

"अगं, तुला कुठं माहीत होतं?"

"जशा दिल्या तशा, म्हणाले. आन् मागं बघितलंसुद्धा न्हाई."

वहिनीनं केलं असतं तर भांडता आलं असतं. मी केलं असतं तर मला बोलता आलं असतं, आणि त्याची मला सवय आहे. पण हिनं बावीस वर्षं ज्यांना मांजरापासून, पावसापासून, शेजाऱ्यांपासून आणि माझ्यापासून वाचवलं, त्यांना तिनं लावलेल्या कुंपणानंच कमी कमी करत आणलं होतं. मला खरंच धक्का बसला तो इथं. जपण्यात काही चुकू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पुढचे काही दिवस तिनं कोंबड्यांना दाणे टाकले, पण त्यांच्याशी बोलली नाही. मग एका सुट्टीच्या सकाळी तिनं माळ्यावरून पाटी काढली, धुतली, उन्हात ठेवली आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"दादाकडं. अजून कुठं?"

वाटेत मी दोनदा सुचवलं की वहिनींशी मी बोलतो. तिनं दोन्हीदा माझ्याकडं असं बघितलं की मी गाडी चालवण्यावर लक्ष दिलं. वहिनीकडं कोंबडी मागायची म्हणजे काय, हे मला कळत होतं. आजवर ही त्यांच्या कळपाला गबाळ म्हणत आली होती आणि ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा वहिनी गव्हाणीपाशी शेण काढत होत्या. पाटी बघून त्यांना अर्धं कळलं, पण त्या सोडणाऱ्या नव्हेत.

"काय वन्सं, आज पाटी घिऊन? काय न्यायचं हाय? गबाळ?"

बायकोनं पाटी खाली ठेवली. मी मेव्हण्याकडं बघितलं, मेव्हणा आभाळाकडं. आम्ही दोघांनी अशा प्रसंगी आपापली जागा ठरवून घेतलेली आहे.

"व्हय," बायको म्हणाली. "गबाळच न्यायचंय. माझ्याकडल्या बसंना झाल्यात वहिनी. एकबी खुडूक व्हत न्हाई. आईची पाटी संपत आलीय."

वहिनींच्या हातातलं फावडं खाली आलं. त्यांना टोमणा मारायचा होता, पण इतका थेट बसेल असं वाटलं नसावं. "आगं मग आधी बोलायचं न्हाई का," त्या म्हणाल्या. "तिकडं बघ, कडब्याच्या गंजीत दोन बसल्यात. तिसरी खोलीत बसलीय, तुझ्या दादाच्या टोपीत."

बायको गंजीकडं गेली, मी मागोमाग. कडब्यातल्या पहिल्या कोंबडीला डोक्यावर शेंडी होती. ती अंग फुगवून गुरगुरली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी तिला नमस्कार करणार होतो. दुसरी पांढरट होती. बायको तिच्यापुढं उकिडवी बसली. हळूच तिच्या पोटाखाली हात घालून तिनं तिला थोडी उचलली, अंडी बघायला. आणि तशीच थांबली.

कोंबडीच्या पायांवर पिसं होती. पार बोटांपर्यंत, पायात लोकरीचे मोजे घातल्यासारखी.

"वहिनी," तिनं हाक मारली. आवाज बदललेला होता. "ही कुठनं आली?"

"येतीय कुठनं? हितलीच. सात-आठ असतील तसल्या. आत्याबाई तिला पायमोज्याची म्हणायच्या."

"पायमोज्याची," बायको म्हणाली. "मी शाळेत असताना व्हती आमच्याकडं. आई म्हणायची, हिला थंडी वाजती." मग माझ्याकडं वळून, "अहो, ही तर पाटीत आलीच नव्हती. आईनं त्या दिवशी हाताला आल्या त्या घातल्या असतील. ही राहूनच गेली. आन् मी इसरून गेले, अशी एक असती म्हणून."

म्हणजे आमची पाटी पहिल्या दिवसापासूनच सगळी नव्हती. आम्ही शिरूरमध्ये बसून सासूबाईंचा मूठभर भाग पूर्ण समजत होतो. आणि इकडं, जिथं कुणी मोजलं नाही, कुणी भेसळ तपासली नाही, तिथं सासूबाईंच्या सगळ्या कोंबड्या उसात हिंडत होत्या. मला वाटतं वहिनींनाही ते तेव्हाच जाणवलं असावं, कारण त्या एकदम नरम आवाजात म्हणाल्या, "न्हे गं ती. अंड्यासकट न्हे. मला काय, अजून हायेत."

बायको तरी खात्री करायला थांबलीच. "खरं सांगा वहिनी. मधी बाजारातनं आणली का कधी एखादी?"

"आणायची कशाला? आत्याबाईंनीच समद्या भावकीला वाटल्यात. ह्या वस्तीवर पाय ठेवील ती कोंबडी आत्याबाईंचीच."

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा पाटीत पायमोज्याची, एक शेंडीवाली, एक ठिपक्यांची आणि एक दांडगा काळा कोंबडा होता. अंडी बायकोनं पदरात गुंडाळून मांडीवर घेतली. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्याकडं असं बघत होती की खड्डे मीच खणले असावेत. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता चांगला लागला तेव्हा आम्ही दोघांनी श्वास सोडला.

पायमोज्याची नव्या जागी बसेल की नाही, ही धाकधूक होती. जागा बदलली की खुडूक मोडतं म्हणतात. पहिल्या दिवशी ती बसली नाही. उभी राहिली, खुराड्यात फेऱ्या मारल्या, आमच्या तांबड्यांना दोन टोचे दिले. बायको दारातून हलेना. चहा तिथंच, भाजी निवडणं तिथंच. मी सहज आत डोकावायला गेलो तर मला हातानं हाकललं. दुसऱ्या सकाळी मी शिफ्टला निघालो तेव्हा मागून काही आवाज नव्हता. जाऊन बघितलं तर कोंबडी अंड्यांवर पसरून बसली होती आणि पुढं जमिनीवर माझी बायको, भिंतीला टेकून झोपी गेलेली.

पिल्लं निघाली. सगळी नाही, पण निघाली. एक काळं, दोन ठिपक्यांची, आणि एका इवल्याशा पिवळ्या गोळ्याच्या पायांवर बारीक लव. मुलगी व्हिडिओ काढत होती. तिनं व्हिडिओ मामाला पाठवला आणि मामानं उलट निरोप दिला की पाहुणे म्हणून कधी यायचं ते कळवा, भूक लागलीय.

मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती पिल्लांना बारीक कणी टाकत होती, आणि तिच्या पायाशी आमच्या तांबड्यांतला एकुलता एक कोंबडा घोटाळत होता. तिनं त्याला धरून माझ्या हातात दिला.

"दादाला म्हणावं, खायला न्हाई, हा त्याच्या वस्तीवर सोडायला हाय. आन् त्यांचा एक आपण आणायचा. दर साली. वहिनीला सांगा, साधा दिसतो म्हणून हसू नको, आमचाबी आईचाच हाय."